लोकरीनेच विणले म्हणे!

गेल्या वर्षी ऐन थंडीत आमच्या भागातल्या एका महिला मंडळाने हस्तकलेचे प्रदर्शन भरवले होते. मंडळाचे नाव सांगत नाही, कारण माझे भांडण मंडळाशी नाही. तिथे उच्चारल्या गेलेल्या एका वाक्याशी आहे. मी मोज्यांचा एक जोड मांडला होता. निळ्याखाली पोपटी, पोपटीखाली केशरी, मग करडा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये ठिपक्याठिपक्यांची एक बारीक ओळ. परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, "काय सुरेख रंग साधलेत हो!" असे म्हणाल्या आणि मोजा उलटा करून आतली बाजू न्याहाळू लागल्या. "इतक्यांदा रंग बदललात, मग आत धाग्यांची टोके कशी कुठे दिसत नाहीत?"

मी खरे ते सांगितले. टोके नाहीत, कारण धागा एकच आहे. ही लोकर कारखान्यातूनच अशी टप्प्याटप्प्याने रंगवून येते, की विणत गेले म्हणजे पट्टे पडत जातात.

सुगरणीच्या घरी पोटभर जेवावे आणि हात धुताना श्रीखंड विकतचे होते असे कळावे, तसा बाईंचा चेहरा झाला. "अस्सं! म्हणजे लोकरीनेच विणले म्हणायचे!" असे म्हणून त्यांनी मोजे खाली ठेवले आणि पुढच्या टेबलावरच्या क्रोशाच्या गणपतीकडे त्या वळल्या. भोवतालच्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले. चारचौघांत दुसरे काय करणार?

बक्षीस हुकले याचे मला काही वाटत नाही. पहिले बक्षीस स्टीलचा डबा होते, आणि तसले सात डबे माझ्या माळ्यावर पालथे पडले आहेत. पण ते वाक्य मात्र काट्यासारखे रुतून बसले. विचार करता करता ध्यानात आले की ते एकट्या त्या बाईंचे नाही. ते मी माझ्या आत्याच्या तोंडून ऐकले आहे, सासरी ऐकले आहे, आणि खरे सांगायचे तर एकदोनदा मीही दुसऱ्या कोणाला ऐकवले आहे. म्हणून म्हटले, दिवाळीच्या निमित्ताने घरोघरी सुगरणींची परीक्षा चाललेलीच असते, तेव्हा या एका वाक्याचाही एकदा निकाल लावून टाकावा.

आधी लोकरीची ओळख करून देते. माझी लेक जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी मी गेले तेव्हा जानेवारी महिना होता. दुपारी चार वाजता दिवेलागण. बाळंतविड्यातली टोपडी-अंगडी घेऊन गेलेली मी त्या थंडीपुढे अगदी खुळी ठरले. शेजारी एक आजी राहत. त्यांना माझी भाषा येत नव्हती आणि मला त्यांची, पण दोघींच्या हातात सुया होत्या. तेवढ्यावर आमचे तीन महिने उत्तम गेले. त्या आगगाडीत विणत, डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत विणत, आणि बहुधा मोजेच विणत. त्या देशात मोज्यांची म्हणून वेगळी लोकर मिळते. शंभरात पंचाहत्तर भाग लोकर, पंचवीस भाग नायलॉन. नायलॉन एवढ्यासाठी, की टाच लवकर झिजू नये. शंभर ग्रॅमच्या एका गुंड्यात सुमारे 420 मीटर धागा, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका जोडाला पुरून थोडा उरेल इतका. सुया अडीच मिलिमीटरच्या, आपल्या दाभणाच्या भावंडांसारख्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे या धाग्यावर टप्प्याटप्प्याने रंग चढवून विकण्याची टूम निघाली आणि ती अशी फोफावली, की आज दुकानात साधा एकरंगी गुंडा शोधावा लागतो. 'ओपल' नावाची अशी एक लोकर लेकीच्या गावापासून फार लांब नसलेल्या हेखिंगेनची. 'रेगिया' म्हणून दुसरी. आजींनी मला दिलेला पहिला गुंडा ओपलचा होता. बाहेरून बघावा तर नुसता रंगांचा गोंधळ, शिमग्याला भिजलेल्या सदऱ्यासारखा. आठ-दहा फेऱ्या विणल्या आणि त्या गोंधळातून सरळ, नेटका निळा पट्टा बाहेर आला. मी ओरडलेच.

आता मेख कुठे आहे ती बघा. या धाग्याला पट्टा ठाऊक नसतो. त्याला फक्त लांबी ठाऊक असते. चौसष्ट टाक्यांची एक फेरी विणायला साधारण साठ सेंटिमीटर धागा लागतो. तेव्हा सहा फेऱ्यांचा निळा पट्टा हवा असेल तर साडेतीन-पावणेचार मीटर धागा सलग निळा रंगवावा लागतो. कारखान्यातल्या रंगाऱ्याने हा हिशेब मोठ्या माणसाच्या पायाचा धरून केलेला असतो. तोच धागा मी नातीच्या चव्वेचाळीस टाक्यांच्या मोज्याला घेतला, तर तोच निळा आठ-नऊ फेऱ्या पुरतो आणि चिमुकल्या पायावर एवढा जाड पट्टा येतो, की बिचारी पोर रस्त्यावरच्या खांबासारखी दिसते. उलट दोनशे टाक्यांची शाल घेतली तर निळा दोन फेऱ्यांतच संपतो आणि पट्ट्याऐवजी नुसत्या रेघा उरतात. माझा हात सैल, आजींचा घट्ट. एकाच गुंड्याच्या दोन वाट्या करून आम्ही विणायला बसलो तर त्यांच्या पट्ट्यांत माझ्यापेक्षा एक फेरी जास्त बसे. म्हणजे पट्टा लोकरीत नाही. तो लोकर, पाय आणि हात या तिघांच्या बोलाचालीतून ठरतो. आणि त्यातला एकटा रंगारी कारखान्यात असतो. बाकीचे दोघे माझ्या घरचे.

तरीही समजा, पट्टे लोकरीनेच पाडले. सगळे श्रेय तिला देऊन टाकू. मग मोजा कोणी केला? पट्टा म्हणजे मोजा नव्हे, हे सांगण्याची वेळ यावी याचेच मला नवल वाटते. ज्यांनी कधी मोजा विणला नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगते. ज्यांनी विणला असेल त्या मान डोलावतील.

मोज्याची पोटरी म्हणजे एक सरळ नळी. ती कोणालाही येईल. खरे काम टाचेशी सुरू होते. तिथे निम्मे टाके, म्हणजे बत्तीस, सुईवर नुसते थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या बत्तिसांवर पुढेमागे विणत एक चौकोनी पाळ करायची. मग त्या पाळीच्या खाली आखूड आखूड ओळी विणायच्या, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन टाके एकत्र घ्यायचे, की कापडाला आपोआप वाटीसारखा खळगा येतो. ही टाच वळवणे. पहिल्यांदा जमते तेव्हा जादू केल्यासारखे वाटते, आणि साठाव्यांदाही वाटते. मग पाळीच्या दोन्ही काठांवरून नवे टाके उचलायचे, थांबवलेल्या टाक्यांना पुन्हा सामील करून घ्यायचे, आणि वाढलेले टाके एकाआड एक फेरीत कमी करीत परत चौसष्टांवर यायचे. एक टाका चुकला तर घोट्याशी भोक पडते. त्या भोकातून जर्मनीतला वारा आत येतो.

पट्टेवाली लोकर इथे मदत तर करत नाहीच, वर अडचण करते. पाळीवर टाके निम्मे, म्हणून पट्टा एकदम दुप्पट उंच. टाके उचलल्यावर संख्या वाढते, म्हणून पुढचा पट्टा किरकोळ. आणि मधल्या वेळात जे रंग टाचेत खर्ची पडले ते पावलाच्या वरच्या अंगाला मिळतच नाहीत; तिथे निळ्याला एकदम करडा भिडतो, ओळख ना पाळख. म्हणून जाणत्या बायका निरनिराळ्या युक्त्या करतात. कोणी टाचेपुरते गुंड्याचे दुसरे टोक वापरते. कोणी एलिझाबेथ झिमरमन या बाईंनी चालवलेल्या वाटेने जाते. या बाई 1910 साली इंग्लंडात जन्मल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि त्यांनी 1971 साली रडारड न करता कसे विणावे यावर लिहिलेले पुस्तक विणणाऱ्यांच्या घरांत अजून टिकून आहे. त्यांची टाच म्हणजे मागाहून सुचलेली टाच. टाचेच्या जागी निम्म्या टाक्यांत वेगळ्याच रंगाचा हातभर धागा विणून टाकायचा आणि जणू टाच नावाची वस्तूच जगात नाही अशा थाटात नळी थेट बोटांपर्यंत न्यायची. सगळा मोजा झाला, की तो परका धागा हलक्या हाताने ओढून काढायचा. मोज्याला आडवे तोंड फुटते. काळजाचा ठोका चुकतो. मग वरचे बत्तीस आणि खालचे बत्तीस टाके सुयांवर पकडून तिथे टोपीसारखी टाच विणायची आणि शेवटी शिवणाच्या सुईने दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांत असे गुंफायचे, की सांधा सापडू नये.

प्रदर्शनातल्या त्या जोडाला मी हीच टाच केली होती, करड्या रंगाची. तिच्यामुळे पावलावरचा एकही पट्टा मोडला नव्हता. बाईंनी पट्टे पाहिले. टाच पाहिलीच नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. हा अंक हातात पडेल तेव्हा निम्म्या घरांत चकलीचा घाणा नुकताच निघाला असेल. चकलीचे काटे कोण पाडते? सोऱ्या पाडतो. चकतीला जशी चांदणी असेल तसे काटे. त्यात बाईचे कर्तृत्व शून्य. पण आजवर एखाद्या पाहुण्याने चकली मोडून, चार बोटे चाटून, "वा, सोऱ्या छान आहे तुमचा!" असे म्हटल्याचे ऐकिवात आहे का? भाजणी किती भाजली, मोहन किती पडले, पीठ कोमट पाण्यात भिजले की कढत, कढई कधी मंद केली, हे सगळे सोऱ्याच्या हातात नसते, हे आपल्याला न सांगता कळते. भाजणी फसली तर काटे कितीही टोकदार असोत, चकली वातड होते नाही तर तेलात विरघळते. मग जे चकलीच्या बाबतीत शेंबड्या पोरालाही कळते ते मोज्याच्या बाबतीत परीक्षकांना का कळू नये?

मला याचे कारण सापडले आहे असे वाटते. आपल्याकडे बाईच्या हातच्या वस्तूची किंमत ती वस्तू किती चांगली आहे यावर ठरत नाही. ती करताना बाई किती दमली यावर ठरते. मिक्सर आला तेव्हा पाट्यावरच्या चटणीची चव नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. त्यांतल्या बहुतेकांनी वरवंटा कधी उचलला नव्हता. कुकरच्या वरणाला, पुरणयंत्रातल्या पुरणाला, सर्वांना एकदा या चौकशीतून जावे लागले आहे. पुरुषाने सायकल सोडून मोटार घेतली तर त्याची प्रगती झाली. बाईचा एक तास वाचला तर तिने काही तरी चुकवले. प्रदर्शनात ज्या जोडाला बक्षीस मिळाले तोही पट्ट्यांचाच होता. सहा रंगांच्या सहा लोकरी जोडून केलेला. मी आत हात घालून पाहिला. बारा गाठी होत्या. निवेदनात त्यांचे वर्णन 'अपार कष्ट' असे झाले.

गाठींचे मला थोडे जास्त माहीत आहे. माझी आई अशाच गाठींचे मोजे विणी. हौसेने नव्हे. नवी लोकर घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. कोणाचा आटलेला स्वेटर, कोणाचा कोपरे फाटलेला मफलर, असे काही मिळाले की ती ते उसवी, माझ्या दोन हातांवर धागा गुंडाळून लड करी, धुऊन दोरीवर टाकी आणि त्याचे मोजे करी. एका रंगाची लोकर एका मोज्याला पुरत नसे; मग पट्टे. आमच्या वडिलांच्या पायांत आमच्या सगळ्या गोतावळ्याचे जुने स्वेटर होते. 1962 च्या लढाईच्या वेळी वाड्यातल्या झाडून साऱ्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्या नव्याकोऱ्या, एकसलग, गाठ नसलेल्या लोकरीवरून आईने हात फिरवलेला मला आठवतो. ती काही बोलली नाही. नुसता हात फिरवला.

वडील कारकून होते, मैल-दीड मैल चालत कचेरीत जात. एकदा आईच्या लक्षात आले, की ते मोजे उलटे घालतात. गाठी आणि धाग्यांची लोंबती टोके बाहेर, गुळगुळीत बाजू आत. विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, अंधारात घातले, कळलं नाही." दुसऱ्या दिवशीही उलटे. तिसऱ्या दिवशी आईने त्यांची टाच पाहिली. गाठीखाली कातडे सोलले होते. कचेरीत लोक हसत असणार, पण बायकोच्या कष्टांना नाव ठेवायचे नाही म्हणून हा माणूस उलटे मोजे घालून हिंडत होता, आणि ती मात्र आपल्या गाठी कशा घट्ट बसल्या आहेत म्हणून समाधानात होती. त्या रात्री ती कंदिलापाशी बसून एकेक गाठ सोडवत होती आणि टोके सुईने आडवी ओवून घेत होती. मला ती रात्र अपार कष्टांची म्हणून आठवत नाही. ती आईच्या शरमेची रात्र म्हणून आठवते.

तेव्हा ज्यांना गाठींचे कौतुक आहे त्यांनी ते गाठींवर चालून मग करावे. एका धाग्यात सात रंग असावेत आणि तळपायाला एकही गाठ लागू नये, ही माझ्या आईने मागितली असती तर मागितली असती अशी गोष्ट आहे. ती आता दुकानात मिळते. ती घेतली म्हणून मी आळशी ठरत असेन, तर खुशाल ठरू द्या.

यावर कोणी म्हणेल, की असे एकेक सोपे करत गेले तर हस्तकला उरली कुठे? याचे उत्तर असे, की ज्या पायरीवर तुम्ही उभ्या आहात तिच्या खालच्याही पायऱ्या कोणी तरी सोप्याच करून ठेवल्या आहेत. प्रदर्शनातल्या किती जणींनी लोकर स्वतः कातली होती? रंगवली होती? मेंढी पाळणे तर दूरच. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी उत्तम होते, पण तिचे मोजे घालून बघा, दोन घटकांत पाय खाजवत बसाल. विणकामाची मऊ लोकर आपण मुळापासून बाजारातूनच आणत आलो. मग बाजारातून रंगही आणला तर एवढे काय बिघडले? आणि कष्ट हीच कसोटी असेल तर हाताने मोजा विणणेच मुळात रिकामपणाचा उद्योग आहे. 1589 साली इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र काढले. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला परवाना नाकारला अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, यंत्र खरे होते, आणि तेव्हापासून आजपर्यंत मोज्याला माणसाच्या हाताची गरज उरलेली नाही. मी विणते ते एवढ्यासाठी, की मला विणायला आवडते आणि लेकीच्या घरी थंडी फार आहे.

दुसरी एक बाजू मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. पाटणच्या पटोळ्यातही धागा आधी रंगवतात आणि नक्षी मागाहून विणताना उमटते. माझ्या एका मैत्रिणीने मला हा दाखला माझ्या बाजूने म्हणून दिला, पण मी तो घेतला नाही. पटोळ्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधून बांधून रंगवतात आणि विणताना ठिपक्यावर ठिपका बसवण्यासाठी धागे सुईने सरकवत राहावे लागते. तिथे रंगवणारा आणि विणणारा एकाच घराण्यातले असतात. नक्षी त्यांचीच. माझ्या मोज्यातले रंग माझे नाहीत. ते हेखिंगेनच्या कोणा रंगाऱ्याचे आहेत, आणि परीक्षक बाई रंगांची स्तुती करू लागल्या तेव्हा मी ती त्याच्याकडेच पोहोचती केली होती. मला हक्क सांगायचा आहे तो टाचेवर. रंग निवडून, एकाशेजारी एक ठेवून, स्वतःच्या मनाने पट्टे योजणारी बाई माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त करते, यात वाद नाही. तिला रंगांसाठी बक्षीस द्या. गाठींसाठी देऊ नका.

आणि पट्ट्यांचे मोजे ही काही कालपरवाची थेरे नव्हेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधल्या अँटिनोपोलिस या गावी सापडलेला एक लहान मुलाचा मोजा आहे. डाव्या पायाचा. तिसऱ्या-चौथ्या शतकातला. अंगठ्याला वेगळे घर आणि बाकीच्या चार बोटांना वेगळे, म्हणजे वर वहाण घालता यावी. तो दोन सुयांचा नाही, एकाच सुईने फास घेत केलेला आहे. दोन सुयांचे विणकाम पुष्कळ नंतरचे. त्यावर रंगीत पट्टे आहेत. 2018 साली तिथल्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रकाशात त्याची छायाचित्रे घेऊन पाहिले, तेव्हा असे दिसले, की त्यातल्या सात छटा अवघ्या तीन वनस्पतींच्या रंगांतून काढल्या आहेत. एक तांबडा, एक निळा, एक पिवळा. एवढ्याशा पोराच्या पायात सात छटा! मोजा कोमट ठेवायचा तर एक रंग पुरला असता. त्या पोराने पाय नाचवून दाखवला असेल आणि ते बघायला मिळावे म्हणूनच कोणी तरी एवढा खटाटोप केला असेल, असे माझ्या मनात येते. तिला त्या काळी गुंडाच सात छटांचा मिळाला असता तर तिने तो नाकारला असता, असे मला तरी वाटत नाही.

जाता जाता माझ्याच गोटातल्या मंडळींनाही दोन शब्द. पट्ट्यांची लोकर वापरणाऱ्यांत एक पंथ असा आहे, की ज्यांना दोन्ही मोजे आरशातल्यासारखे सारखे लागतात. त्यासाठी त्या दुसरा मोजा सुरू करण्यापूर्वी गुंड्यातला धागा उलगडत बसतात. पहिला मोजा ज्या निळ्याच्या ज्या टोकाला सुरू झाला होता ते टोक सापडेपर्यंत. पाचदहा मीटर लोकर बाजूला पडते. मी हे एकदा केले. मोजे तंतोतंत सारखे आले आणि दुकानातून आणल्यासारखे दिसू लागले. तेव्हापासून सोडून दिले. आता जिथे धागा येईल तिथून दुसरा मोजा सुरू होतो. ऑस्ट्रियाचे चित्रकार हुंडर्टवासर दोन पायांत दोन निराळे मोजे घालून हिंडत आणि ते मुद्दाम. पुढे ओपलवाल्यांनी त्यांच्या चित्रांवरून मोज्यांची लोकरही काढली. आमच्या घरातल्या मंडळींना ही हकीगत मी सांगितली, तर "मग तो चित्रकार होता, मी निवृत्त हेडमास्तर आहे," असे उत्तर आले. तरी घालतात. एक पाऊल निळ्याने सुरू होते, दुसरे केशरीने. दोन्ही मोजे एका गुंड्याचे, जसे एका आईचे दोघे भाऊ. नाक सारखे असले म्हणजे झाले.

पट्ट्यांचा एक उपयोग मात्र या पंथालाही ठाऊक असतो आणि परीक्षकांना नसतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मला गडद लोकरीच्या फेऱ्या मोजता येईनाशा झाल्या होत्या. दोन्ही पोटऱ्या एका उंचीच्या येतात की नाही ते बोटांनी चाचपावे लागे. पट्ट्यांच्या लोकरीत फेऱ्या मोजाव्या लागतच नाहीत. निळा, पोपटी, केशरी, करडा, पुन्हा निळा, आणि अर्ध्या पोपटीवर टाचेचा धागा. पट्टे हीच मोजपट्टी. ते वर्ष मी या लोकरीच्या जिवावर विणत राहिले. नाही तर सुया ठेवून द्याव्या लागल्या असत्या. शिवाय रात्री दहा वाजता सुया खाली ठेवाव्यात तर पुढचा रंग खुणावत असतो. केशरी सुरू झाल्याशिवाय झोपायला जायचे नाही, असे मी स्वतःला बजावते आणि केशरी सुरू झाला की करड्याची वाट पाहू लागते. म्हाताऱ्या बाईला रात्री दहाच्या पुढे कशाची तरी उत्सुकता वाटावी, ही काय थोडी गोष्ट आहे?

तो प्रदर्शनातला जोड आता लेकीच्या पायांत आहे. यंदाही त्या मंडळाचे प्रदर्शन आहे आणि बहुधा त्याच बाई परीक्षक आहेत. मी या वेळी मोजे पाठवणार नाही. ओपलचा एक नवा गुंडा पाठवणार आहे, चिठ्ठी लावून. आदल्या संध्याकाळी तो टेबलावर ठेवावा, खोलीला कुलूप लावावे आणि सकाळी सर्वांनी मिळून बघावे, रात्रभरात त्याने किती विणले ते. पाच सुयाही शेजारी ठेवायला सांगेन. त्याची गैरसोय नको.